माझी ओळख कोण देणार

१ जुलै १९९६, सोमवार. लासुर्णे

ही डायरी शनिवारी निरोप समारंभात मिळाली. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही. वर्ष निम्मं संपलंय, पण माझं रिकामपण आजच सुरू झालं, तेव्हा काही बिघडत नाही. तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. कालव्याला किती पाणी आलं, कुठल्या फाट्याला किती गेलं, ते रोज लिहायचं. आता स्वतःचं लिहावं म्हणतो.

सवयीनं पाचलाच जाग आली. चपला घातल्या आणि दारात जाऊन उभा राहिलो. मग लक्षात आलं, कुठं जायचंच नाही. परसात रंगू शेंगदाणे भाजत होती, पाटीभर. मी म्हणालो, आता मी घरी आहे, तूही जरा विसावा घे. ती म्हणाली, “तुमची नोकरी सुटली. माझी न्हाय.” बायकांचं काम कधी संपत नाही, हे खरंच आहे.

आमच्या लेकीला, मेघनाला, बारामतीच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळतोय. आमच्या घरातली पहिली मुलगी औषधाचं शिकणार. फी वीस तारखेच्या आत भरायची. माझी एक ठेव आहे तिथल्याच, बारामतीच्या बँकेत, ती मोडू. परवा जाऊन येतो. आपली बँक आहे, पाच मिनिटांचं काम.

३ जुलै

काम झालं नाही.

बँक नव्या इमारतीत गेली आहे. काचा, गार फरशी, तीन कॉम्प्युटर. बघून बरं वाटलं, आपल्या माणसानं बंगला बांधल्यासारखं. खिडकीवर ठेवीची पावती दिली, मागं सही केली. तिथल्या पोरानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग कपाटात पाहिलं, मग दुसऱ्या कपाटात. परत येऊन म्हणाला, तुमच्या सहीचं नमुना कार्ड सापडत नाही. सामान हलवताना गहाळ झालं असावं. नवीन कार्ड करावं लागेल आणि त्यावर ओळख देणारा खातेदार लागेल.

मी हसलोच. त्याला म्हणालो, अरे बाबा, लासुर्ण्यातल्या आणि कालव्यावरच्या निम्म्या लोकांची खाती माझ्या ओळखीनं उघडली आहेत या बँकेत. मीच ओळख देणारा आहे. १९६९ पासून खातं आहे माझं.

“ते ठीक आहे काका,” तो म्हणाला, “पण तुमची ओळख कोण देणार?”

मॅनेजरकडं गेलो. नवे आहेत, विदर्भाकडचे. सह्या करत होते. मी सगळं सांगितलं. मान वर न करता म्हणाले, नियम आहे. मी बोलत असताना दोन व्यापारी आले आणि समोरच्या खुर्च्यांवर बसले. त्यांच्याशी ऊस आणि पाऊस असं सगळं बोलणं झालं. मी उभा होतो. नंतर केव्हातरी मी बाहेर आलो, ते त्यांना कळलंही नसावं.

घरी सांगितलं, किरकोळ कागद राहिलाय. रंगूनं विचारलं, मी येऊ का बरोबर? मी म्हणालो, तू तिथं येऊन काय करणार?

ती शेंगदाण्याची फोलं पाखडत बसली.

८ जुलै

कन्हेरीला सिद्धूकडं जाऊन आलो. कालव्यावर आम्ही वीस वर्षं बरोबर होतो. ७४ साली त्याचं खातं मीच उघडून दिलं होतं. अंगठा लावत होता तेव्हा, मी चौकीत बसवून सही शिकवली. म्हटलं, आता त्या सहीचं एक काम पडलंय.

सिद्धूनं गुळाचा चहा पाजला, पेरू दिले आणि सांगितलं की त्यानं ते खातं तीन वर्षांपूर्वीच बंद केलं. गावच्या पतसंस्थेत घातले पैसे. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, निदान मला सांगायचं तरी. तो म्हणाला, “तुमाला सांगून काय उपेग साहेबराव? तुमी त्या बँकेची बाजू घेऊन माझ्याशीच भांडला असता. पाण्याला वळान देता येतं, बँकेला न्हाय देता येत.”

वर तो असंही म्हणाला की पतसंस्थेत चेअरमन स्वतः उठून पाणी देतो. मी म्हणालो, पाणी द्यायला चेअरमन कशाला हवा? एसटी मिळेपर्यंत तो विषय चालला. पेरू गोड होते.

११ जुलै

आज बुद्धघोषला नेलं. आमच्या वाडीतलाच, माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. बोलायला चांगला, कपडे इस्त्रीचे. मनात म्हटलं, आता बघतो कोण अडवतं.

त्याचं खातं मध्यंतरी इंदापूर शाखेला गेलं होतं आणि एप्रिलमध्ये परत आलं. सहा महिने झाले नाहीत, म्हणून चालत नाही. खातं दहा वर्षांचं, पण या शाखेत आल्याला तीनच महिने. बुद्धघोष त्यांना समजावून सांगू लागला. तो वर्गात समजावतो तसा समजावतो, त्यामुळं रांगेतले लोक वैतागले.

शेजारच्या खिडकीत एक तरुण बाई बसतात, आसावरी असं त्यांच्या पाटीवर लिहिलंय. त्यांनी मला विचारलं, “लासुर्ण्याचे लोंढे का तुम्ही? मग तुमच्या घरी...” मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. म्हणालो, बाई, घरच्या चौकशा राहू द्या, आधी माझं कार्ड शोधा. त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या. थोड्या हसल्यासुद्धा, असं वाटलं. आजकालच्या पोरींना कशाचंही हसू येतं.

बाकीच्यांनी खाती केव्हाच जवळच्या बँकांत नेली, म्हणून येताना वाडीतल्या बानूबाईकडं गेलो. तिचं खातं आहे, पण दोन वर्षांत त्यात काहीच घातलं नाही, म्हणून ते झोपलंय म्हणे. आता आधी ते जागं करायचं, त्यासाठी तिची सही. ती सही तिला आठवत नाही.

१२ जुलै

पाय दुखतोय. कुठं गेलो नाही.

१५ जुलै

बँकेच्या पुण्याच्या कार्यालयाला तक्रार अर्ज लिहायला घेतला. तीन दिवस लागले. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून, सगळं यथास्थित. पाच पानं झाली. मेघनाला वाचायला दिला. तिनं पेन्सिल घेतली आणि “अक्षम्य” चार ठिकाणचं खोडलं, कालव्यावरच्या ८३ सालच्या पुराचं सगळं खोडलं. म्हणाली, “अण्णा, यात पुराचा काय संबंध?” संबंध असा की त्या पुरात मी कालव्याच्या चौकीवर अडकलो होतो, तेव्हाही पगारातून ठेवीचा हप्ता चुकवला नव्हता. पण तिला ते पटलं नाही. शेवटी दीड पान उरलं.

लिहायला विहारात जाऊन बसावं लागलं. घरात शांतता नाही. शेजारची सारजा रोज येते आणि दोघी परसात उखळात काहीतरी कुटतात. लसणाचा वास कपड्यांना लागलाय. मी नोकरीवर असताना हे असंच चालायचं का? मी दिवसभर कालव्यावर असे, मला कसं कळणार? घरात तिघं माणसं, एवढी चटणी कोण खातं? विचारलं तर रंगू म्हणाली, “जातीया की.”

बाजाराच्या दिवशी ती बारामतीला गेली, दोन पिशव्या घेऊन. येताना पिशव्या रिकाम्या होत्या. बाजाराला माणूस रिकाम्या पिशव्या नेतो आणि भरून आणतो. तिचं उलटंच. भाज्या महाग झाल्या असतील.

१८ जुलै

मेघना आज सरळ म्हणाली, एवढा त्रास देतात तर सोडून का देत नाही ती बँक? घराजवळ वालचंदनगरला बँका आहेत. मी तिला नीट उत्तर दिलं नाही. इथं लिहितो.

६९ साली पहिल्यांदा पैसे साठवायचं मनात आलं. माझ्याबरोबर वडील आले होते. धोतर, खांद्यावर घोंगडी. आमच्या घरानं ५६ सालानंतर धम्म घेतला होता, सभांना वडील पुढं बसायचे, पण कचेरीत गेले की पाय उंबऱ्याबाहेरच थांबायचे. जन्माची सवय. त्या दिवशीही ते बँकेच्या दाराशी उभे राहिले. मी आत, ते बाहेर. तेव्हाचे मॅनेजर वयस्कर होते, चष्मा जाड. त्यांनी विचारलं, ते कोण? मी म्हणालो, वडील. ते उठले, दाराशी गेले, वडिलांना हाताला धरून आत आणलं आणि आपल्या समोरची खुर्ची मागं ओढून दिली. वडील बसले. दोघं पाण्यावर आणि जनावरांवर बोलले. चहा आला, कपबशीत, त्यांच्या चहासारखाच.

पुढं मरेपर्यंत वडील गावात सांगायचे, बँकेत आपली खुर्ची हाय.

म्हणून मी कुणाचंही खातं उघडायचं म्हटलं की त्याला तिथंच न्यायचो. पंचवीस किलोमीटर एसटीनं. लोक म्हणायचे, एवढ्या लांब कशाला? मी म्हणायचो, चला तर खरं.

२० जुलै

फी भरली. आज शेवटचा दिवस होता.

सकाळी मी मान खाली घालून बसलो होतो. कुणाकडं उसने मागावेत याचा विचार करत होतो, आणि आयुष्यात कधी मागितले नाहीत म्हणून कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. रंगूनं रुमालात बांधलेले पैसे पुढं ठेवले. मी विचारलं, कुठून आणलेस? ती म्हणाली, “आणलं कुठनं तरी. एसटी चुकंल, उठा.”

तिचा भाऊ अकलूजला असतो. त्याच्याकडूनच घेतले असणार. नोटा करकरीत, एकसारख्या, बँकेतून आल्यासारख्या पिना मारलेल्या. माझ्या मेव्हण्याच्या खिशात इतक्या वर्षांत दोन नोटा सारख्या पाहिल्या नाहीत मी. दिवस बदलले त्याचे. त्याच्याबद्दल मी आजवर बरंच वाईट बोललो असेन, आता बोलणार नाही. त्याला आभाराचं कार्ड टाकतो म्हणालो, तर रंगू घाईनं म्हणाली, नका टाकू, त्याला आवडत न्हाय. माणूस मनानं मोठा झाला की असं होतं.

मेघनानं पावती दोन्ही हातांत धरून पाहिली. मग मला म्हणाली, “अण्णा, आईला एकदा नीट विचारा.” मी म्हणालो, विचारलं की.

२७ जुलै

पुण्याहून उत्तर आलं. दोन ओळी. आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित शाखेकडे पाठवण्यात येत आहे.

म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याकडंच.

३० जुलै

शाखेत जाऊन आलो. माझा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर होता. आज त्यांनी मान वर केली. म्हणाले, “वर लिहिलंत ना? मग आता वरच जा.”

मी शांत होतो. मनाशी ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, साहेब, मला काही नको. माझं खातं बंद करा, ठेव द्या, मी जातो. सत्तावीस वर्षं झाली, पुष्कळ झालं.

ते म्हणाले, “खातं बंद करायलाही सही जुळावी लागते.”

म्हणजे मी या बँकेत राहूही शकत नाही आणि बाहेर पडूही शकत नाही. कालव्यात अडकलेला ओंडका असतो, तसं झालं.

बाहेर येऊन स्टँडवर बसलो. गावाकडं जाणाऱ्या इंदापूरच्या दोन गाड्या सोडल्या. बसायची इच्छाच होईना. आपलं नाव कुठंतरी लिहिलेलं आहे, या समजावर माणूस जगतो. ते तिथं नाही असं कुणी सांगितलं तर काय करायचं?

३१ जुलै

काल जेवलो नाही. आज सकाळी रंगू समोर येऊन बसली आणि सगळं सांगेपर्यंत उठली नाही. कार्ड, सिद्धू, बुद्धघोष, बानूबाईची झोपलेली सही, मॅनेजरचं बोलणं. मी सांगत गेलो आणि तिचा चेहरा बदलत गेला. वाटलं, रडते की काय. ती हसत होती. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मला राग आला. म्हणालो, यात हसण्यासारखं काय आहे?

ती म्हणाली, “महिनाभर तुमी गावं पालथी घातली. घरात कुनाला इचारलं न्हाय.”

मग म्हणाली, उद्या मी येते. मी तिला पुन्हा समजावलं की ओळख देणाऱ्याचं तिथं खातं असावं लागतं, नुसतं माणूस असून चालत नाही. ती म्हणाली, ऐकलं मी, महिनाभर तेच ऐकतेय.

१ ऑगस्ट

जमेल तसं सगळं लिहितो.

सकाळच्या गाडीनं गेलो. रंगूनं निळी साडी नेसली होती, विहाराच्या कार्यक्रमाला नेसते ती. हातात एक पिशवी. बँकेच्या दारात वॉचमन उठला आणि म्हणाला, या काकू, आज कसं काय? मला वाटलं, बाई माणूस म्हणून अदबीनं बोलला.

आत आसावरीबाईंनी तिला पाहिलं आणि खिडकीतूनच म्हणाल्या, “रंगूताई, आज बाजार नाही आणि तुम्ही इकडं? चटणी आणलीत का?”

मी रंगूकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. पिशवीतून चार पुड्या काढून तिनं खिडकीत ठेवल्या आणि त्यांच्या मागोमाग एक पासबुक.

“चटनी हाय,” ती म्हणाली. “आन् यांची वळख द्यायची हाय. हे आमच्या मेघनाचे वडील.”

आसावरीबाई म्हणाल्या, मला त्या दिवशी शंका आली होती, पण काका रागात होते.

खातं चार वर्षांचं आहे. मोठ्या दवाखान्यातल्या नर्स विजयमालाबाई तिच्या ओळख देणाऱ्या. त्या नर्सच्या मेसला हिच्याकडून शेंगदाण्याची चटणी जाते. मुलींच्या वसतिगृहाला जाते. बँकेतली सगळी माणसं दुपारच्या डब्यात तीच चटणी खातात. मॅनेजरसुद्धा. ते इथं एकटेच असतात, खानावळीचं जेवण त्यांना जात नाही, चटणीवर भाकरी खातात. हे सगळं मला खिडकीपाशी उभं राहून, आसावरीबाईंच्या तोंडून कळलं. मी नुसता एकेका माणसाच्या तोंडाकडं बघत होतो.

फॉर्म आला. आसावरीबाई विचारून लिहू लागल्या. खातेदाराला किती वर्षांपासून ओळखता?

“एकतीस वर्सं,” रंगू म्हणाली. “पर पुरतं वळखते असं मातर लिहू नका.”

रांगेतले लोक हसले. आसावरीबाई हसल्या. शेवटी मीही हसलो, दुसरं काय करणार?

मग तिनं सही केली. मी तिला कधी सही करताना पाहिलं नव्हतं. अक्षरं जोडत, ओठ मुडपून, जराही घाई न करता. रंगुबाई साहेबराव लोंढे. मेघनानं शिकवली म्हणे.

मी त्या सहीकडं बघत राहिलो. महिनाभर या बँकेत माझी सही सापडत नव्हती. पण माझं नाव तिथं होतं. चार वर्षं, दर आठवड्याला, माझं नाव या बँकेत लिहिलं जात होतं. तिच्या नावाच्या मधोमध.

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी रंगूला नमस्कार केला आणि म्हणाले, धंदा वाढवायचा असेल तर बँक कर्ज द्यायला तयार आहे, येऊन भेटा. मग मला पाहिलं. फॉर्म पाहिला. “अच्छा, हे तुमचे...” म्हणाले आणि फॉर्म उलटसुलट करत राहिले. वाईट माणूस नसावा. पण मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, हेही लिहून ठेवतो.

येताना एसटीत मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तिनं रिकाम्या पिशवीची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, मी करून देतो. खातं मी काढून देतो, अर्ज मी लिहितो, ठेव मी ठेवतो. मला माझं माझं करून बघायचं हुतं.”

मी म्हणालो, तरी फीच्या वेळी तरी सांगायचं. उगाच मी मेव्हण्याला चांगलं म्हणालो.

“तेवढंच त्याच्या वाट्याला,” ती म्हणाली.

२ ऑगस्ट

रात्री झोप नीट लागली नाही. राग आहे का? थोडा आहे. पण कशाचा ते सापडत नाही. तिच्यावर धरावा तर तिनं काही वावगं केलं नाही. स्वतःवर धरावा तर त्याची सवय नाही.

सकाळी तिला विचारलं, दिवसाला किती किलो होते? ती म्हणाली, “बसा, सांगते.” सगळं सांगितलं. फार चांगलं चाललंय. माझ्यापेक्षा.

१२ ऑगस्ट

खातं बंद केलं.

ठेव मोडून झाली, सही जुळली. आता बंद करायचं काही कारण नव्हतं, मेघनाही तेच म्हणत होती. पण मला करायचं होतं. मॅनेजरनी आत बोलावलं. या वेळी त्यांनी स्वतःच बसा म्हटलं, चहा मागवला. म्हणाले, जुने ग्राहक तुम्ही, झालं गेलं विसरून जा. मी म्हणालो, साहेब, मी विसरतो, पण खातं बंद करा. चहा घेतला. चांगला होता.

इतकी वर्षं मला वाटायचं, वडिलांना ती खुर्ची बँकेनं दिली. ती त्या एका माणसानं दिली होती. तो माणूस गेला तेव्हाच ती गेली. एवढी साधी गोष्ट कळायला एक कार्ड हरवावं लागलं.

रंगूला विचारलं, तू बंद करतेस का? ती म्हणाली, “मी काय मॅनेजरच्या तोंडाकडं बघून पैसे ठेवते व्हय? तितं आसावरी हाय. चांगली पोरगी हाय. आन् बारा गिऱ्हाइकं हायती माझी.”

तेव्हा तिचं राहील. माझं आता वालचंदनगरला, घरापासून सायकलवर. बुद्धघोषची तिथं ओळख निघाली. त्याला फार आनंद झाला, दोन वेळा समजावून सांगितलं.

२ सप्टेंबर

उखळ काढून टाकून विजेवरचं कुटायचं यंत्र घ्यावं असं मी सुचवलं. दोघींनी ऐकून घेतलं. सारजा म्हणाली, चवीला उखळच पायजे. मग मला लसूण सोलायला दिला. सोलताना डोळे चुरचुरतात हे मला माहीत नव्हतं. कांद्यानंच तसं होतं असं वाटायचं.

कॉलेजातून येताना मेघनानं पुड्यांवर चिकटवायला लेबलं छापून आणली. वर “रंगुबाईंची चटणी”. पत्ता लासुर्णे. मी म्हणालो, खाली थोडी माहिती लिहू या, कालव्याच्या पाण्यावरचा शेंगदाणा वगैरे. मेघनानं पेन्सिल शोधायला सुरुवात केली, तेव्हा मी विषय सोडला.

१९ ऑक्टोबर

आज मी एकटा इंदापूरला गेलो. नव्या गावात चटणी न्यायची रंगूची फार दिवसांची इच्छा होती. तिला आणि सारजाला उसंत नाही, आणि माझ्याइतका रिकामा माणूस घरात दुसरा नाही. निघताना तिनं बजावलं, “बोलायचं थोडं. आदी चव द्यायची.”

पहिल्या दुकानदारानं पुडी हातात न घेताच नको म्हटलं. दुसऱ्यानं उद्या या म्हटलं. पिशवी जड वाटायला लागली. वाटलं, घरी जाऊन सांगावं, इंदापूरचे लोक तिखट खात नाहीत.

स्टँडच्या मागं एक किराणा दुकान आहे. म्हातारे मालक, कपाळावर आठ्या. त्यांनी जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. मी पुडी फोडून कागदावर चिमूटभर चटणी ठेवली. बोलायला पुष्कळ होतं माझ्याकडं. शेंगदाणा कुठला, लसूण कसा, कोण खातं, किती वर्षांपासून. सगळं जिभेवर आलं होतं. पण मी गप्प राहिलो. इतका वेळ गप्प मी कालव्यावरही राहिलो नसेन.

त्यांनी बोटानं चाखली. काही बोलले नाहीत. मग डब्यातली भाकरी मोडली, कागद जवळ ओढला आणि जेवायला लागले. चटणी संपली तेव्हा हात पुढं केला. मी आणखी वाढली. भाजीला त्यांनी हातही लावला नाही. हात धुऊन आले आणि पिशवीकडं बोट दाखवलं. सगळी ठेवून घेतली.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. रंगू फाट्यावर उभी होती. अंधार पडला म्हणून आले, म्हणाली, पण अंधार पडायला अजून अवकाश होता. माझ्या हातातली रिकामी पिशवी तिनं पाहिली.

“काय म्हनलं?” तिनं विचारलं.

“काही म्हणाला नाही,” मी म्हणालो. “जेवला.”

ती चालता चालता थांबली. मग एवढी हसली की फाट्यावरची माणसं वळून बघायला लागली.